साडेएकतीस इंच: एका वाढीव मापाच्या सायकलवरून यवतमाळ ते महागाव

दिवाळीच्या फराळाला सगळे जमलेले असताना मी सांगून टाकलं की यंदा मी सायकल घेणार, पण दुकानातली तयार नाही. फ्रेम वेगळी मागवायची, चाकं वेगळी, गिअर वेगळे, आणि सगळं आपल्या डोक्याने जुळवायचं. नवऱ्याने चकली खाता खाता विचारलं की दुकानात सायकली संपल्या का. त्याच्याकडे मी दुर्लक्ष केलं. लग्नाला वीस वर्षं झाली की हे जमतं.

कारण सांगते. आम्ही दोघी बहिणी. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आणि जवळजवळ अर्ध्या फुटाने उंच. तिचे फ्रॉक, तिचं दप्तर, तिचा रेनकोट, तिची लेडीज सायकल, सगळं यथावकाश माझ्याकडे आलं. सायकल आली तेव्हा सीटवर ताईच्या बसण्याचा खड्डा पडलेला होता आणि तो भरण्यात माझी अख्खी हायस्कूलची वर्षं गेली. आता मी चव्वेचाळीसची आहे. पतपेढीत नोकरी आहे, मुलगा शिकायला बाहेरगावी आहे. मला फक्त एक वस्तू अशी हवी होती, जी पहिल्या दिवसापासून माझी असेल आणि माझ्याच अंगाला बसेल. आणि ती घेऊन मला महागावला ताईच्या दारात जायचं होतं. भेटायला वगैरे ठीक आहे, पण खरं म्हणजे दाखवायला.

ग्रॅव्हल बाइक म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हँडल शर्यतीच्या सायकलसारखं वळलेलं, टायर मात्र जाड. डांबरावर बरी पळते आणि गिट्टी, मुरूम किंवा शेतातली पांदण आली तरी रडत नाही. आमच्या जिल्ह्यात एकाच रस्त्यावर दहा किलोमीटरात हे चारही प्रकार भेटतात, त्यामुळे ही सायकल यवतमाळसाठीच काढली असावी असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फ्रेमचं माप. बाकी काहीही नंतर बदलता येतं, फ्रेम नाही. मी महिनाभर इंटरनेटवर वाचलं. उंचीवरून काढलेलं माप ढोबळ असतं, पायाच्या आतल्या बाजूची लांबी घ्या, असं सगळीकडे लिहिलेलं. ती घ्यायची कशी, तर भिंतीला पाठ लावून, अनवाणी, दोन पायांत जाडसर पुस्तक धरून. मला ते फार पोरकट वाटलं. माप घ्यायचं तर माप घेणाऱ्या माणसाकडे जावं, म्हणून मी सरळ टेलरकाकांकडे गेले. आमच्या शाळेचे गणवेश तेच शिवत. सत्तरी ओलांडली तरी टेप अजून गळ्यातच असतो. त्यांनी टेप लावला, स्वतःशी काहीतरी पुटपुटले, वहीत लिहिलं आणि चिठ्ठी दिली: साडेएकतीस.

घरी येऊन गणित केलं. साडेएकतीस इंच म्हणजे ऐंशी सेंटिमीटर. त्याला शून्य पूर्णांक सदुसष्टने गुणायचं, म्हणजे चोपन्नची फ्रेम. उंचीचा तक्ता मात्र मला अठ्ठेचाळीसची सांगत होता, कारण मी चपला घालून पाच फूट दोन इंच आहे. यावरून मी निष्कर्ष काढला की माझे पाय माझ्या उंचीच्या मानाने विलक्षण लांब आहेत. चव्वेचाळीस वर्षं हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. दोन दिवस मी आरशासमोरून जाताना थांबून थांबून पाहिलं.

चाकांबाबत मी शहाणपणाने वागले, हे नमूद करते. दोन पर्याय असतात. मोठ्या घेराचं चाक सपाट रस्त्यावर पळतं, लहान घेराच्या चाकात जास्त जाड टायर मावतो. मी लहान घेर आणि सत्तेचाळीस मिलिमीटरचा टायर घेतला. त्यातही टायर आणि फ्रेमच्या मध्ये दोन्हीकडे बोटभर जागा राहील असं पाहिलं, कारण आमची काळी माती ओली झाली की टायरला धरते आणि ब्रेक न दाबताच सायकल थांबवते. ट्यूब काढून आत भोक बुजवणारा चीक भरला, कारण बाभूळ आणि गोखरू. बत्तीस तारांची चाकं, पुढे एकच दातेरी चक्र, मागे चढाला उपयोगी पडेल असं परातीएवढं. ब्रेक डिस्कचे, पण तारेने ओढायचे. तेलावर चालणारे चांगले असतात म्हणतात, पण दिग्रसला बिघडले तर कोणाकडे जाऊ?

फ्रेम पुण्याहून लोखंडी मागवली. तिचा राखाडी रंग मला आवडला नाही म्हणून लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कूलरच्या पत्र्यांना पावडरचा रंग चढवणाऱ्या कारखान्यात नेली. तिथे मिळाला तो हिरवा. रंग चढला आणि त्याबरोबर फ्रेम परत करायची सोय संपली, कारण विकणाऱ्याची ती अटच होती. रंगवणाऱ्या दादांनी फ्रेम हातात देताना विचारलं, "साहेबांची सायकल का?" माझी नस तडकली. मी त्यांना स्त्रिया काय काय चालवतात यावर पाच मिनिटं ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फ्रेमला कागद गुंडाळून दिला.

सायकल जुळवली अन्वरभाईंनी. मेन लाइनच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. सगळं बसवून झाल्यावर ते जरा लांब उभे राहिले, मान वाकडी करून म्हणाले, "मॅडम, थोडी बडी नाई वाटून राह्यली का?" मी त्यांना तक्ता दाखवला, गुणाकार दाखवला, चिठ्ठी दाखवली. मग त्यांनी सीट तळाला नेली, जितकी पुढे सरकते तितकी सरकवली, हँडलचा जोड काढून बोटभर लांबीचा आखूड जोड लावला. उभी राहिले तर टाचा अधांतरी. बूट जाड घ्यावेत, असं मी ठरवलं.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी साडेसहाला निघाले. दोन दिवसांचा बेत होता: पहिल्या दिवशी दारव्ह्यावरून दिग्रस, दुसऱ्या दिवशी आतल्या रस्त्यांनी महागाव. आर्णीवरून थेट मोठ्या रस्त्याने गेलात तर हे अंतर एका दिवसात होतं. पण तिथे ट्रकशिवाय कोणी ओळख देत नाही, म्हणून मी सांगेन की फिरून जा.

लोहारा ओलांडल्यावर थंडी खरी लागली. चढउतार आहेत, पण जीवघेणे नाहीत. मागचं परातीएवढं चक्र चढावर असं काम करतं की पाय फिरत राहतात आणि आपण सावकाश का होईना वर पोचतो. कापसाच्या गाड्या पुढून जात होत्या आणि दोन्हीकडच्या बाभळींना बोंडाएवढे पुंजके लटकले होते. तुरी उभ्या होत्या, हरभरा गुडघ्याएवढा. मी इतकी खूश होते की मोठ्याने गात होते. हात सुन्न पडायला लागलेत हे पहिल्यांदा लक्षात आलं ते दारव्ह्याच्या अलीकडे. थंडीने असेल म्हटलं.

दारव्ह्याला तर्री पोहे आणि चहा, पन्नास रुपयांत पोट भरलं. तर्री, म्हणजे वर ओतलेला रस्सा, तिखट असते, नाकाला रुमाल ठेवा. पोहेवाल्याने सायकलभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "कोनाची आनली, ताई?" मी म्हटलं, माझी आहे. "नाई, तसं नाई," असं काहीतरी तो बोलायला लागला, पण मी पैसे ठेवून निघाले. बाईच्या हातात महागाची सायकल दिसली की लोकांना ती दुसऱ्या कोणाचीच वाटते, यावर एक जळजळीत पोस्ट लिहायची, असं मी पुढच्या पंधरा किलोमीटरात ठरवलं. सुरुवातीची चार वाक्यंही तयार होती.

दुपारनंतर मानेने तोंड उघडलं. हँडल लांब वाटत होतं, म्हणजे मी सायकल चालवत नसून तिच्यावर पालथी घातलेली आहे असं. दर दहा किलोमीटरला थांबून पाठ मोडून घेत होते. थांबणं हाही सोहळा होता, कारण पाय टेकायला आधी रस्त्याकडेचा उंचवटा शोधावा लागे. उंचवटा पाहून थांबायचं, तहान पाहून नाही, अशी शिस्त लागली. संध्याकाळी दिग्रसला लॉजवर पोचले. खोली स्वच्छ, गरम पाणी बादलीने, सहाशे रुपये. जेवायला भाकर, वांग्याची भाजी आणि मिरचीचा भुरका. सायकल मी खोलीत घेतली. मालक म्हणाले, साहेब मागून येतात का. त्यांना मी उत्तरही दिलं नाही.

दुसरा दिवस अविस्मरणीय आहे. दिग्रस सोडून आत वळलं की डांबर संपतं, मुरूम सुरू होतो, मग नुसती गिट्टी आणि मधूनमधून पांदण. एवढ्यासाठीच तर सायकल बांधली होती. चाकांनी मला काडीचा त्रास दिला नाही. गोखरूवरून गेले, चीक फसफसला, भोक बुजलं, पुढे चालू. एका तांड्याच्या आधी कोरडा नाला लागतो, उतार गोट्यांचा. तिथे समोरून शेळ्या आल्या. ब्रेक उत्तम लागले. सायकल उभी राहिली, मी पाय टेकायला गेले, जमीन तिथे नव्हती. म्हणजे होती, चार बोटं खाली. मी सावकाश, अगदी विचार करायला वेळ मिळेल इतकी सावकाश, डावीकडे हरभऱ्यात आडवी झाले.

शेळ्यांमागे एक म्हातारे बाबा होते, तांड्यातलेच. त्यांनी आधी सायकल उचलली, मग मला हात दिला. खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. घर समोरच होतं. त्यांची बायको, जिला अख्खा तांडा याडी म्हणतो, म्हणजे आई, तिने पाणी दिलं, चहा ठेवला आणि गुडघ्यावर हळद दाबली. बाबांनी चाळीस वर्षं सायकलवर बांगड्यांच्या पेट्या बांधून बाजार केले होते. पुसद, दिग्रस, महागाव, रोज एक गाव. चहा होईतो ते माझ्या सायकलकडे बघत बसले होते.

मग ते उठले आणि मला म्हणाले की कोपर सीटच्या नाकाला लाव आणि हात हँडलकडे सरळ कर. मी केला. बोटं हँडलला लागायला हवीत म्हणे. माझ्या बोटांच्या आणि हँडलच्या मध्ये त्यांची सबंध वीत मावली.

"बाई, कोनाची हाय हे?" ते म्हणाले. "तुह्या मापाची नाई. आमच्या बांगड्याच्या धंद्यात असं बिनमापाचं गिऱ्हाइकाले आम्ही देतच नव्हतो."

मला एकदम सगळं ऐकू आलं. रंगवणारे दादा, अन्वरभाई, पोहेवाला, लॉजचे मालक. कोणी बाईमाणूस म्हणून विचारत नव्हतं. सगळ्यांना नुसतं दिसत होतं. माझी जळजळीत पोस्ट जागच्या जागी वारली.

तिथूनच टेलरकाकांना फोन लावला. त्यांनी शांतपणे वही काढली. अंगाचं माप अठ्ठावीस, म्हणाले. कापड पाण्यात आटतं, त्याचे दीड इंच. खाली मुडपायला दोन. एकूण साडेएकतीस, बरोबर आहे की. मी म्हटलं, काका, सायकलसाठी हवं होतं. मग त्यांनी विचारलं, पँट शिवायची नाही का मग? त्यांचा काही दोष नाही. आयुष्यभर ज्यांनी वाढत्या पोरांची मापं घेतली ते नेमकं अंगाबरोबरचं माप कागदावर कशाला लिहितील? लोखंड पाण्यात आटत नाही हे सांगायचं काम माझं होतं.

उरलेले वीस-बावीस किलोमीटर मी कसे काढले ते विचारू नका. रस्ता सुंदर होता असं फोटोंवरून दिसतं. मला एवढंच कळत होतं की रंग चढलेली फ्रेम परत जाणार नाही आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी मागवलेली वस्तू मी स्वतःच दुसऱ्या कोणाच्या तरी मापाची मागवली. रडू आलं. हेल्मेट घालून रडताना डोळे पुसता येत नाहीत, गॉगलची काच आडवी येते.

महागावला बाजाराच्या अंगाला कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. त्या रांगेच्या कडेने ताईच्या घरी पोचले. ताई तिथल्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. फाटकात उभी होती, ताडासारखी. मी काही बोलायच्या आत तिने सायकल हातातून घेतली, पुढून पाहिली, मागून पाहिली आणि म्हणाली, "चालवून पाहू का व?"

सीट वर करायची खिट्टी तिला दाखवावी लागली नाही. तिने सीट चार बोटं उचलली, ओढणी कमरेला बांधली आणि गेली. बाजाराच्या टोकापर्यंत जाऊन वळून आली. आणि मला दिसलं. जे गेले दोन दिवस सगळ्यांना दिसत होतं तेच, उलट बाजूने. पाठ सरळ, कोपरं सैल, गुडघा नेमका हवा तितकाच वाकलेला. ती सायकल तिच्यासाठीच बांधली असती तरी एवढी बसली नसती. मला राग आला. खरं सांगते, सख्ख्या बहिणीचा, तिने काही केलेलं नसताना आलेला राग. मी सगळं सांगून टाकलं, टेलरकाका, साडेएकतीस, हरभरा, सगळं. आणि वर म्हटलं की लहानपणापासून तुझं ते माझं होत आलं, आता माझंही तुझंच निघालं.

तिला हसू येईल असं वाटलं होतं. ती पायरीवर बसली.

"तुले माहीत हाय का, मनू," ती म्हणाली, "मले कधी माह्या मापाचं भेटलंच नाई. सगळं मोठं शिवत. वाढून राह्यली, म्हनून. फ्रॉक गुडघ्याखाली, बाह्या कोपराखाली, बुटात कापूस. मी त्यात वाढून मापाला आली का आई ते काढून तुले देत होती. तुले जुनं भेटलं. पन बसनारं भेटलं."

मला आठवलं, टेलरकाकांच्या दुकानात आम्ही दोघी जायचो. टेप ताईच्या अंगाला लागायचा आणि वहीत काहीतरी भलतंच लिहिलं जायचं. मी बाकावर बसून जळत असायचे.

रात्री जेवताना मी म्हटलं, सायकल ठेव. ती नको म्हणाली. मी म्हटलं, मला पाय टेकत नाहीत, हे काही उपकार नाहीत. ती म्हणाली, तुझी पहिली नवी वस्तू आहे. मी म्हटलं, तुझीही. त्यावर तिने माझ्या पानात आणखी एक भाकर टाकली. आमच्या घरात होकार असाच देतात. सकाळी मी पाठीवरची पिशवी घेऊन यवतमाळच्या एसटीत बसले. तिकिटाच्या पैशात मान, पाठ आणि हात तिन्हींना आराम. महागावला सायकलने जाणाऱ्यांनी परतीला एसटीचा विचार जरूर करावा.

घरी येऊन दोन आठवडे झाले. नवऱ्याला सायकल कुठे आहे ते सांगितलं. तो काहीही बोलला नाही, हे त्याच्या खात्यात जमा आहे. मी भिंतीला पाठ लावून, अनवाणी, दोन पायांत जाड पुस्तक धरून माप घेतलं, तीनदा. अठ्ठावीस. माझे पाय लांब नाहीत. अठ्ठेचाळीसची फ्रेम सांगितली आहे आणि ती आहे त्या राखाडी रंगातच ठेवणार आहे. चाकं तशीच, टायर तसेच, मागे तशीच परात. त्यात बदल करू नका, आपल्याकडे तेच चालतं. फ्रेम मात्र दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून घेऊ नका, आणि चार माणसांनी सायकल कोणाची म्हणून विचारलं तर त्यांच्यावर भडकण्याआधी एकदा कोपर सीटला लावून पाहा.

ताईला हँडलचा लांब जोड हवा होता, तो अन्वरभाईंनी काढून ठेवलेला एसटीने पाठवला. काल तिचा फोटो आला. सायकल शाळेच्या व्हरांड्यात उभी आहे, सीट उंच. सीटखालच्या नळीवर, जिथे ती फ्रेममध्ये शिरते तिथे, तिने नेलपॉलिशने लाल रेघ मारली आहे. ज्या बाईने जन्मात नखाला रंग लावला नाही, तिने. खाली लिहिलं होतं: "हे माह्यं माप. आता कोनासाठीच खाली कराचं नाई."